बिननावाचे दगड
लायलने लिहिलेल्या काउंटीच्या इतिहासात तिथल्या एका जुन्या कर्नलच्या घोड्याचीसुद्धा वंशावळ होती. थडग्यांवर फुलं वाहायच्या रविवारी म्हाताऱ्या मिस ओडेसाने चर्चच्या दफनभूमीत त्याला गाठलं. “पुस्तकात माझं बाळ नाही, मिस्टर लायल.” “नाव कोरलेल्या दगडांचीच नोंद घेतली, मिस ओडेसा.” “आम्हाला कुठलं परवडायला कोरीवकाम? त्याच्या थडग्यावर ओढ्यातला दगड ठेवला होता, ओकच्या झाडापासून तिसरा. आज तो दिसेना.” दफनभूमीची देखभालही लायलकडेच होती; गवत कापायचं यंत्र अडतं म्हणून असले दगड त्यानेच उपटले होते; चर्चच्या मेजवानीसाठी त्यांची झकास चूल झाली होती. “मीच काढले,” तो पुटपुटला. “घोड्याचा पणजोबा सापडला तुम्हाला,” ती म्हणाली, “आणि माझं लेकरू हरवलंत.” ओकपासून तिने पावलं मोजली, परत येऊन पुन्हा मोजली. शेवटी गुच्छाची दोरी सोडून हिरवळीवर एकेक फूल ठेवत निघाली. फुलं संपली तेव्हा अर्धी हिरवळ उरली होती.