लिंबाच्या पानातली नागअळी

शाळेच्या अंगणातल्या लिंबाच्या झाडाने सकाळी दहाला खोडात बसवलेल्या यंत्रातून स्वतःच कीडनिर्मूलन खात्याकडे तक्रार पाठवली: एका पानात अळी आहे. अर्ध्या तासात कीडनिर्मूलन निरीक्षक घोसाळकर हजर झाले. तेव्हा चौथीची मुले रांगेने भिंगातून तेच पान पाहत होती. पानाच्या पातळ सालीखाली चंदेरी, नागमोडी वाट होती आणि तिच्या टोकाला पिवळसर नागअळी कुरतडत होती.

"बाई, पान द्या. जाळायचंय."

"या मुलांनी आजवर जिवंत किडा पाहिलेला नाही," मृदुलाबाई म्हणाल्या.

"मग पडद्यावर दाखवा की."

"तुम्ही तरी पाहिलीय कधी अळी?"

घोसाळकरांनी नकारार्थी मान हलवली. अकरा वर्षांत त्यांनी दोन हजार पाने जाळली होती. अळी एकही पाहिली नव्हती.

"मग रांगेत उभे राहा," बाई कडाडल्या.

रांग मोडून ते थेट भिंगावर वाकले आणि बराच वेळ वाकूनच राहिले. "हलतेय की हो!" ते पुटपुटले. मग सरळ होऊन त्यांनी नियमाप्रमाणे पान जाळायच्या पिशवीत टाकले.

रांगेत शेवटची शर्वाणी उरली होती.

"काका," ती संतापून म्हणाली, "तुम्ही मध्ये घुसलात. माझा नंबर होता."