साकवावरची लाल रेघ

"रेग खाली इली," जानकी म्हणाली. "चार बोटां."

साकवाच्या, त्या छोट्या पुलाच्या, खांबावरची ती लाल रेघ तिनेच मे महिन्यात रंगवली होती. डोंगरावरून धावत येणाऱ्या व्हाळाचं पाणी रेघेला लागलं की खालच्या सात घरांनी गुरं सोडायची, मुलं उचलायची आणि साकव ओलांडून पलीकडच्या शाळेत जायचं, असं ठरलं होतं. रेघ काठाच्या तिसऱ्या पायरीच्या बरोबरीने काढलेली. आता ती पायरीच्या खाली दिसत होती.

संशय धनेशवर होता. त्याला सात घरांची जमीन रिसॉर्टसाठी हवी होती. रेघ खाली असली की पाणी तिला लवकर लागणार, लोक उगाच धावणार, शेवटी कंटाळून जमीन विकणार. गेल्या आठवड्यात दोनदा तशी धावपळ झाली होती.

पावसाने उघडीप दिली तशी सगळी माणसं साकवावर जमली. धनेशलाही बोलावलं.

"माझा बाळ अजून म्हयन्याचा नाय," नम्रता म्हणाली. "दोनदा पोटाक धरून धावलंय. आणि पाणी? आंगणात पण येवक नाय."

"रंगाचो डबो खंय लपयलंस रे?" महादूने विचारलं. "का रिसॉर्टाक तोच रंग देतलस?"

माणसं हसली. धनेश हसला नाही.

"काकी, माजी आन. मी त्या खांबाक बोट लावूक नाय."

"मगे रेग काय पायांनी चलान इली?" जानकी म्हणाली.

"जुनो रंग खरवडल्याची खूण तरी दाखव."

"खूण ठेवण्याएवढो तू खुळो नाय."

तिने सोबत आणलेली सुंभाची दोरी सोडवली. "रंगवलंय तेवा कठड्यापासून रेगेपर्यंत माजे पाच हात भरले होते. आता चार बोटां जास्त भरतली. मगे बोल."

दोरीला दगड बांधून तिने ती कठड्यावरून खाली सोडली. महादू पायऱ्या उतरला आणि रेघेपाशी दोरीला गाठ मारली. जानकीने दोरी वर ओढली. कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एकेक हात मोजू लागली. सगळे तिच्याबरोबर मोजत होते.

पाच. तिथेच गाठ आली.

"परत मोज," महादू खालून ओरडला.

तिने परत मोजलं. पाचच.

जानकीने सावकाश पायाखाली पाहिलं. रेघ होती तिथेच होती. खाली गेला होता खांब, कठड्यासकट, आणि सातही घरांतली माणसं त्याच साकवावर उभी होती.