बॅटरी पुढच्या वर्षी

सोलरवाला तिसऱ्यांदा आला होता आणि आजोबा तिसऱ्यांदा ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणत होते.

छतावर पॅनेलं बसून बरेच दिवस झाले होते. तरी बाहेरची वीज गेली की याही घरात अंधारच व्हायचा, कारण दिवसाची वीज साठवायला बॅटरी नव्हती. सुनेच्या शिकवण्या संध्याकाळी, ऑनलाइन. ऐन गणितात इंटरनेट जायचं आणि मुलांच्या आया दुसरी बाई शोधायला लागायच्या. आज मागे हटायचं नाही असं ठरवूनच ती बसली होती. तिच्या नवऱ्याला दोन्ही बाजू पटत होत्या, म्हणजे तो गप्प होता. घर आजोबांचं, तेव्हा शेवटचा शब्दही त्यांचाच.

आजोबांचं म्हणणं एकच होतं. मोबाइल बघा, टीव्ही बघा, ज्यांनी आधी घेतले ते फसले. बॅटरीची किंमतही उतरेल. आता घसरण मंदावली आहे, असं म्हणत सोलरवाल्याने किमतींचा आलेख पुढे केला. आजोबांनी कागद हातात घेतला, बराच वेळ समोर धरला आणि परत दिला. छपाई फार बारीक करता बुवा तुम्ही, म्हणाले.

तेवढ्यात लाइट गेले.

“घ्या,” सून म्हणाली, “अगदी वेळेवर गेले.”

सगळे हसले, आजोबाही हसले. आजी मेणबत्ती आणायला उठत होती, तिला त्यांनी बसवलं. येतील आत्ता, म्हणाले. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला. अंधारात तोंड मिटून बसणं त्यांना जमणारं नव्हतं. त्यांनी एका झोपाळू माणसाची गोष्ट काढली. हा गृहस्थ आपला थांबा सोडून थेट शेवटच्या थांब्यापर्यंत घोरत गेला. परतीच्या फेरीत त्याला फुकट बसवून घेतलं, तर पुन्हा झोपला आणि पुन्हा थांबा गेला. आजोबा कंडक्टरचा आवाज काढत होते, प्रवाशाचा काढत होते, मध्येच घोरूनही दाखवत होते.

गोष्ट ऐन रंगात आली आणि लाइट आले. रंगाचा बेरंग नको म्हणून कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या फेरीला त्या माणसाची बायकोच थांब्यावर उभी होती, तिथे गोष्ट संपली. सोलरवाला डोळे पुसत हसत होता.

“अगं, आता मात्र आणच ती मेणबत्ती,” आजोबा आजीला म्हणाले. “पाहुण्यांना किती वेळ अंधारात बसवायचं?”

आजोबांचा मुलगा अजून हसतच होता. त्याला वाटलं, गोष्टीचंच शेपूट आहे हे. मग आजोबांनी चहाचा कप ठेवायला हात पुढे केला. बोटांनी टेबलाची कड चाचपली, कडेवरून आत सरकली आणि मगच कप टेकला. डोळे उघडे होते. सोलरवाल्याकडे बघून ते हसत होते, पण सोलरवाला जिथे बसला होता तिथे ते डोळे नव्हते. ते त्याच्या मागच्या भिंतीवर होते.

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा पांढराफटक झाला होता. तिने आजीकडे पाहिलं आणि तिला दुसरा धक्का बसला. आजी दचकलीच नव्हती.

आजी उठली, भिंतीपाशी गेली आणि तिने दिवा बंद केला.

“आणते मेणबत्ती,” ती म्हणाली.

अंधारात तिची पावलं स्वयंपाकघराकडे वळली.

“बटणाचा आवाज येतो गं मला,” आजोबा म्हणाले. “लाव परत.”

आजीने दिवा लावला. सोलरवाला कागद गोळा करायला लागला, पण उठावं की बसावं हे त्याला कळेना. आजोबा मग साध्या आवाजात बोलायला लागले, जणू हेही कधीतरी सांगायचं राहूनच गेलं होतं. डोळ्यांवर उपाय नाही, दोन डॉक्टरांना विचारून झालं होतं. दोन्ही वेळी आजी सोबत होती. दिवसा, चांगलं ऊन असलं की नाकासमोरचं तेवढं दिसतं. संध्याकाळनंतर दिवे असले काय नि नसले काय. म्हणून बॅटरीचं आता तुमचं तुम्ही ठरवा, मला त्यात धरू नका, असं त्यांनी मुलाला सांगितलं.

मुलाचं लक्ष बॅटरीत नव्हतं.

“बाबा,” तो म्हणाला, “चिऊला शाळेतून कोण आणतं?”

हे त्याला माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. दुपारी शाळा सुटली की आजोबा स्कूटर काढायचे आणि मोठ्या रस्त्याने, दोन चौक ओलांडून, सात वर्षांच्या नातीला मागे बसवून घरी आणायचे. आजही आणलं होतं.

“मीच,” आजोबा म्हणाले. “भर उन्हात समोरचं दिसतं, सांगितलं ना आत्ता.”

“आणि बाजूचं?” सुनेने विचारलं.

आजोबांच्या चेहऱ्यावर हसू आलं, शहाण्या नातवंडांबद्दल बोलताना येतं तसं.

“बाजूचं ती सांगते. डावीकडून गाडी, उजवीकडून सायकल, आता थांबा, आता चला. तिला वाटतं आमचा खेळ आहे तो. पण काय सांगू तुम्हाला, पोरगी अजून एकदाही चुकली नाही.”