बिनचूक

पगारवाढीचा अर्ज शकील मुलाणीने स्वतःच टाइप केला होता. हडपसरच्या त्या कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट तो एकटाच. अर्जात कारणही एकच दिलं होतं: नोकरीला दोन वर्षं झाली, टायपिंगची एकही चूक नाही.

तीन आठवड्यांनी साहेबांनी त्याला आत बोलावलं. "मुलाणी, तुमच्या अर्जाला उत्तर द्यायचंय. घ्या लिहून."

आपलाच नकार त्याने लिहून घेतला, बाहेर येऊन टाइप केला आणि सहीसाठी पुढे ठेवला. साहेबांनी नेहमीप्रमाणे न वाचताच सही ठोकली. "तुमचं टायपिंग, त्यात वाचायचं काय?"

कागद फाइलला लावताना शकीलचं लक्ष गेलं. 'नामंजूर'मधला 'ना' टाइप करायचा राहून गेला होता. 'आपला पगारवाढीचा अर्ज मंजूर करण्यात येत आहे.' खाली साहेबांची सही.

सुटीचा भोंगा झाला. बाकीचे सायकली काढायला लागले, तरी तो त्या ओळीकडे बघत बसला होता. मग त्याने मशीनला नवा कागद लावला, अख्खं पत्र 'ना'सकट पुन्हा टाइप केलं आणि आत नेलं.

"परत सही? मघाच्या कागदाला काय झालं?"

"एक चूक राहिली होती, साहेब."

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

"आणि म्हणे पगारवाढ हवी."