चनमल्लप्पांना बसवायची जागा

शनिवार, २४ एप्रिल १९७६. दुपारी सव्वा वाजता ट्रॅक्टर केरेवाडीच्या तळ्यावर येऊन थांबला. ट्रॉलीत लाकडी खुर्ची होती आणि खुर्चीत ठेकेदार चनमल्लप्पा. मांडी घातलेली, कपाळावर विभूतीचे पट्टे, मान पडू नये म्हणून धोतराने खुर्चीच्या पाठीला बांधलेली. आदल्या संध्याकाळी ते सोलापुरात, शुक्रवार पेठेतल्या घरी वारले. "मला माझ्या जमिनीत, तळ्याकाठी बसवा," हे त्यांचं शेवटचं बोलणं.

जमीन त्यांचीच होती. आठ वर्षांपूर्वी चुनखडी संपली, खाण बंद पडली आणि ठेकेदाराच्या घरचं कुणी पुन्हा इकडं फिरकलं नाही. चुन्याच्या सहा भट्ट्यांपैकी चार उभ्या होत्या. खडी फोडायच्या क्रशरचा सांगाडा गंजून एका अंगाला कलला होता. सुरुंगांनी तळ्याची कड फुटून पाणी खाणीत शिरलं होतं. आता तळं कुठं संपतं आणि खाण कुठं लागते ते दिसत नव्हतं. भट्ट्यांतला उरलेला चुना ठेकेदाराच्या माणसांनी जाताना तळ्यात लोटला होता. काठाला बोटभर जाड पांढरा थर होता. पाण्यात मासा नव्हता. त्या पाण्यात डाळ शिजत नसे. बाया प्यायचं पाणी दीड मैलावरून आणत.

गावात लिंगायतांना बसवून पुरायचे समाधीचे खड्डे तिप्पण्णा काढायचा. पूर्वी तो याच खाणीत पहार मारायचा. त्यानं पहिला खड्डा भट्टीमागं घेतला. गुडघाभर खोदल्यावर पांढरं पाणी वर आलं. दुसरा क्रशरजवळ घेतला, तिथंही तेच. तिसऱ्यात पाणी त्याआधीच लागलं.

"अजून कुठं बघ की," ठेकेदाराचा थोरला मुलगा संगप्पा म्हणाला. त्यानं बूट काढून ठेवले होते. तळवे चुन्यानं चरचरत होते. तो एक पाय उचलून दुसऱ्यावर उभा राहत होता.

"बघतो की सावकार. समदी जमीन तुमचीच हाय." तिप्पण्णानं पहार पुसली. "न्हायतर हितंच बसवा. उन्हाळा हाय, गार वाटंल त्यास्नी."

बांधावर कुणीतरी हसलं. तिथं पन्नास-साठ माणसं जमली होती. एकही खाली उतरलं नव्हतं.

"माघारी नेलं तर?" संगप्पानं हळूच विचारलं.

विधीसाठी सोबत आलेल्या जंगमस्वामींनी मान हलवली. "निघालेला देह बसवल्याशिवाय घराकडं फिरवत नाहीत. दिवस मावळायच्या आत बघा."

कोरडी जागा एकच होती. तळ्याच्या वरच्या अंगाला, उंचवट्यावर, म्हाताऱ्या निंगव्वाचं अर्ध्या एकराचं रान. ती सकाळपासून तिथं बाभळीखाली बसून होती. संगप्पा अनवाणीच चढून गेला. स्वामी मागोमाग गेले.

"अव्वा, चार हात जागा द्या."

"बस की. पानी देऊ? तळ्याचंच हाय."

संगप्पा उभाच राहिला.

"गावची रुद्रभूमी कुटं हुती, ठावं हाय का रं तुला?"

त्याला ठाऊक होतं. गावातल्या लिंगायतांना बसवायची ती जागा खाणीनं खाल्ली, त्या वर्षी कामावर देखरेखीला तोच होता.

"माहीत आहे."

"माजा मालक तितं बसला हुता. सा म्हयनं बसला. मग तुज्या बापानं सुरुंग लावला. मी आडवी गेले, तर म्हनला, निंगव्वा, मेलेल्याला जागा कशाला लागती?" ती ट्रॉलीकडं बघत होती. "त्याला इचारून ये जा. आता लागती का म्हनावं."

"झालं ते झालं, अव्वा. मी पाया पडतो. काय पाहिजे ते मागा."

"पाया पडू नगं. तुला जागा देत न्हाय असं मी म्हनलं का?"

संगप्पानं मान वर केली.

"देते की. सावलीतली देते. माजा मालक आन शोदून. दोघास्नी शेजारी शेजारी बसवू."

"कुठून आणू?"

"खडीच्या ढिगात आसंल. डाव्या तळहातावर गळ्यातलं लिंग हुतं, म्या सोता ठिवल्यालं. त्यावरनं वळखू येतंय."

संगप्पानं स्वामींकडं बघितलं. "स्वामी, तुम्ही तरी सांगा."

स्वामी म्हणाले, "तिची जागा आहे."

चार वाजता संगप्पानं तिप्पण्णाजवळ फावडं मागितलं. तिप्पण्णा म्हणाला, फावडं खड्डा काढायला लागंल, तुमी त्येला आनलं की लगीच काढतो.

ढीग क्रशरच्या मागं होता. दोन पुरुष उंच, वर वेड्या बाभळी उगवलेल्या. सहा वाजून वीस मिनिटांनी संगप्पा त्याच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसून हातांनी खडी उपसत होता. एकेक मूठ उजेडाला धरून बघत होता आणि बाजूला टाकत होता. बांधावरचं कुणी घरी गेलं नव्हतं. ट्रॉलीत चनमल्लप्पा तळ्याकडं तोंड करून बसलेले होते.