परतणीचा बारावा ठोका

दसरा, १९५५. आमच्या मुलखातल्या जुन्या सातपहाडी राजाची फौज कधीच मातीत गेली. तिचा 'परतणी' हा ताल तेवढा माझ्या नगाऱ्यावर उरला. लढाईवर गेलेल्या एकेका गाववाल्याच्या नावाचा ठोका द्यायचा आणि जो परतला नाही, त्याच्या नावाला टिपरू नुसतं वर धरायचं. वर्ध्याजवळच्या आमच्या गावातून बारा जण काश्मीरला लढायला गेले, अकरा आले. राहिला तो माझा मुलगा लहानू. तरी सात दसरे मी बाराही ठोके दिले, कारण घरी माझी बायको रुखमा रोज त्याचं ताट वाढायची. यंदा खोटं वाजवणं जमेना. अकरा ठोक्यांनंतर टिपरू वर गेलं, वरच राहिलं. गावभर ती शांतता ऐकू गेली. मान खाली घालून घरी आलो. चुलीपाशी दोनच ताटं होती. "रुखमे, आपला लहानू..." "मले पयलेच मालूम होतं," ती म्हणाली. "तुमी ठोका देत होते, म्हून मी ताट वाढत होती."