उकळलेला मध

नांदेडच्या दवाखान्यात राजश्रीबाईंचा महिन्याचा नातू व्हेंटिलेटरवर होता. आधी त्याचं रडणं बारीक झालं, मग मान लुळी पडली.

"बाळाला मध चाटवला होता का?" डॉक्टरांनी विचारलं.

"हाव, बारशाला. सून नको म्हणत होती, पण मी चांगला उकळून घेतला होता."

"मधातूनच जंतू गेलेत, मॅडम."

बाई बाकावर बसल्या. पिशवीतून कॉलेजचे पेपर काढून तपासू लागल्या. पहिलाच प्रश्न होता : दीडशे वर्षांपूर्वीच्या प्रयोगात गवताचा काढा उकळूनही त्यात जंतू पुन्हा का वाढले?



'कारण जंतूंचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत,' बाईंनीच शिकवलेलं उत्तर एका मुलीनं लिहिलं होतं. त्यांनी लाल पेनानं बरोबरची खूण केली आणि पुढचा पेपर घेतला.